जपानमध्ये कंपनी काढून राहायचे असेल तर: ‘व्यवसाय-व्यवस्थापन’ व्हिसाची पायरी-पायरीने माहिती

नोकरीसाठी जपानला जाणाऱ्याला आधी व्हिसा मिळतो आणि मग तो घर शोधू लागतो. स्वतःची कंपनी काढायला जाणाऱ्याचे सगळे उलटे असते. त्याला आधी कंपनी नोंदवावी लागते, भांडवल भरावे लागते, कार्यालय भाड्याने घ्यावे लागते, एका माणसाला पगार सुरू करावा लागतो आणि हे सारे झाल्यावर, या गृहस्थांना देशात राहू द्यावे की नाही, याचा विचार तिथले इमिग्रेशन खाते सुरू करते. अर्ज नामंजूर झाला तर झालेला खर्च कोणी परत देत नाही. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम मी कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे न ठेवता खर्चाच्या हिशोबाने लावला आहे: ज्याला कमी पैसे लागतात ते आधी, आणि जे परत फिरवता येत नाही ते शेवटी.

भोसरीला आमची जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर सुटा भाग जागच्या जागी धरून ठेवणारी साधने, तयार करणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आइची प्रांतातल्या वाहन-सुटेभाग उत्पादकांकडून काम मिळू लागल्यावर विक्री आणि दुरुस्तीसाठी नागोयात कंपनी काढायचे ठरले, आणि तिथे राहायला मी जावे असे घरात ठरले. पुढे लिहिले आहे ते त्या धावपळीतून शिकलेले आहे.

## १. आधी जुना सल्ला विसरा

या व्हिसाचे जपानी नाव ‘केइएइ-कानरी’, म्हणजे व्यवसाय आणि व्यवस्थापन. टोकियोतील निशी-कासाई भागात आपली बरीच मंडळी राहतात, आणि त्यांतील ज्यांनी पूर्वी हा व्हिसा घेतला आहे ते आजही प्रामाणिकपणे सांगतील की ५० लाख येन भरले की काम होते. त्यांच्या वेळी ते खरे होते. १६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलले असून नव्या अर्जदाराला पुढील सर्व अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात.

- कंपनीचे भरणा झालेले भांडवल किमान ३ कोटी येन असले पाहिजे.
- किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि तोही ठरावीक वर्गातला हवा. कोणता ते सातव्या पायरीत येईल.
- अर्जदाराला किंवा एखाद्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-२ पातळीचे (एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची) किंवा त्याच्या तोडीचे जपानी आले पाहिजे.
- अर्जदाराकडे व्यवसाय-व्यवस्थापनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव किंवा संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी हवी.
- व्यवसायाची योजना मान्यताप्राप्त जपानी तज्ज्ञाने तपासलेली हवी.

आकड्यांबद्दल एक सूचना करतो. जपानी माणूस दहा हजारांच्या पटीत मोजतो. त्या एककाला ते ‘मान’ म्हणतात. आपले ३ कोटी म्हणजे त्यांचे तीन हजार मान आणि इंग्रजी कागदावरचे तीस मिलियन. तीन भाषांत एकच रक्कम लिहिताना एक शून्य सहज निसटते, त्यामुळे प्रत्येक कागदावर रक्कम अंकांतही लिहावी.

ज्यांच्याकडे आधीपासून हा व्हिसा आहे त्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत नूतनीकरणात सवलतीने पाहिले जाणार आहे. ज्यांच्याकडे कल्पना आहे पण एवढे भांडवल नाही, त्यांनी फुकुओका, आइची अशा ठिकाणच्या स्थानिक प्रशासनांमार्फत मिळणाऱ्या ‘स्टार्टअप व्हिसा’ची चौकशी करावी. त्यात तयारीसाठी कमाल २ वर्षांपर्यंत राहता येते.

## २. अनुभव आणि भाषा: घरबसल्या करता येणारे काम

नोकरदाराला अनुभवाचा दाखला कंपनी देते, पण मालकाला तो कोण देणार? स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःलाच दिलेल्या दाखल्याला किंमत नसते. मी कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, संचालक म्हणून नेमणुकीची कंपनी निबंधकांकडील नोंद, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर विवरणपत्रे आणि सनदी लेखापालांचे पत्र जोडले. प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप अ‍ॅक्टचा परवाना यांवरून काळाची साखळी सिद्ध करता येते. ही साखळी मध्ये कुठे तुटत असेल तर त्याचे स्पष्टीकरण आपणहून द्यावे.

भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुणे व मुंबई या दोन्ही ठिकाणी केंद्रे आहेत. नावनोंदणी काही महिने आधीच बंद होते, म्हणून एक संधी हुकली की योजना सहा महिने पुढे जाते. एन-२ ही पातळी रात्रीच्या वर्गाला सहा महिने जाऊन गाठता येईल अशी नाही. माझी मजल एन-४ पर्यंतच असल्याने मी ही अट कर्मचाऱ्यामार्फत पूर्ण केली, आणि तसे करण्यात काही कमीपणा नाही.

## ३. योजना आधी, कंपनी नंतर

व्यवसायाची योजना तपासण्याचा अधिकार तिघांना आहे: लघु व मध्यम उद्योगांचे परवानाधारक सल्लागार, सनदी लेखापाल आणि करसल्लागार. पुष्कळ लोक कंपनी नोंदवून झाल्यावर घाईघाईने योजना लिहवून घेतात. माझा आग्रह आहे की मसुदा तयार करून पैसे पाठवण्याआधीच तो अशा तज्ज्ञासमोर ठेवावा. तो जे प्रश्न विचारतो तेच पुढे इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, फक्त तेव्हा आपले पैसे अडकलेले असतात.

माझ्या पहिल्या मसुद्यात ‘भारतीय उत्पादन जपानी उत्पादनापेक्षा स्वस्त’ हे वाक्य तीन ठिकाणी होते. सल्लागारांनी पेन्सिलने तिन्ही वाक्ये खोडली आणि समासात एकच प्रश्न लिहिला: रात्रपाळीत फिक्स्चरची पिन तुटली तर ग्राहकाने फोन कोणाला करायचा? त्या एका प्रश्नामुळे योजनेत सुट्या भागांचा साठा, दुरुस्तीचा माणूस आणि नागोयातील जागेचे कारण, या तिन्ही गोष्टी आल्या. ग्राहकांची इरादापत्रे, मागवलेली दरपत्रके आणि महिन्यागणिक रोख प्रवाहाचा तक्ता जोडल्याशिवाय योजना सादर करू नये.

## ४. भारतातून पैसा पाठवणे

जपानचा भाग सर्वजण विचारून घेतात, पण गाडी अडकते ती इथल्या बँकेत.

व्यक्ती म्हणून पैसे पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. एक डॉलर म्हणजे १५० येन धरले तर ३ कोटी येन म्हणजे २ लाख डॉलर होतात, म्हणजे रक्कम मर्यादेत बसते. खरा धक्का पुढे आहे. गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर १० लाख रुपयांच्या पुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. येनचा भाव ६० पैसे धरला तर भांडवल १ कोटी ८० लाख रुपये आणि त्यावर टीसीएस ३४ लाख रुपये होतो. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रक्कम जास्तीची उभी करावी लागते. अशा भांडवली प्रेषणासाठी बँकेला कर्ज देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पती-पत्नी दोघांच्या मर्यादा एकत्र वापरायच्या असतील तर दोघेही भागधारक असावे लागतात.

मीही वैयक्तिक खात्यातूनच पैसे पाठवायला निघालो होतो. आमच्या सीएंनी वेळीच थांबवले. भारतीय कंपनीने परदेशात केलेली थेट गुंतवणूक ही वेगळ्या मार्गाने जाते. तिला ही डॉलरची मर्यादा लागू नाही आणि तो टीसीएसही नाही. तिथे शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदानुसार भारतीय कंपनीच्या निव्वळ मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत आपोआप परवानगी असते. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आधीपासून आहे त्यांनी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोप्रायटरशिपला हा मार्ग खुला नाही.

दोन्ही मार्गांत परकीय गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ‘फॉर्म एफसी’ भरून बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून एकमेव ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो मिळाल्याशिवाय पैसे पाठवता येत नाहीत. साध्या शाखेत गेल्यास ‘परदेशी शिक्षणासाठी का?’ असा प्रश्न येण्याची शक्यता अधिक, त्यामुळे परकीय चलन हाताळणारी शाखा गाठावी. जी कंपनी अजून जन्मालाच आलेली नाही तिच्यात गुंतवणूक कशी दाखवायची, हा प्रश्न आमच्या बँकेत तीन बैठका चालला. नव्या कंपनीच्या घटनेचा, म्हणजे तिच्या स्थापनेच्या नियमावलीचा, मसुदा, संचालक मंडळाचा ठराव आणि ज्याच्या खात्यात रक्कम जाणार त्याला दिलेले अधिकारपत्र एकत्र ठेवल्यावर तो सुटला. हे तिन्ही कागद पहिल्याच भेटीत न्यावेत.

पैशाचा उगम जपानलाही दाखवावा लागतो. माझ्या मावसभावाने जुन्नरकडची जमीन विकून वैयक्तिक भांडवल उभे केले. त्याला खरेदीखताबरोबर सातबारा उताऱ्याचेही जपानी भाषांतर द्यावे लागले, कारण जपानी नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर जोडावेच लागते. ‘गट क्रमांक’ आणि ‘पोटखराबा’ या शब्दांपाशी अनुवादक अडला आणि शेवटी उताऱ्याच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक वेगळे पान जोडावे लागले. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी पैसे फिरवून खात्यावर दाखवण्याचा मोह टाळावा. इमिग्रेशन खाते खात्यावरची शिल्लक तर पाहतेच, पण ती कशी साठत गेली हेही पाहते.

## ५. कार्यालय

कार्यालय स्वतंत्र असले पाहिजे. केवळ पत्ता देणारे ‘व्हर्च्युअल ऑफिस’ चालत नाही, आणि नव्या नियमांत राहत्या घरातले कार्यालयही तत्त्वतः मान्य नाही. भाडेकरारात वापराचा हेतू ‘व्यवसाय’ असा लिहिलेला हवा. भिंती व कुलूप असलेली सामायिक कार्यालयातील बंद खोली चालू शकते.

गोची अशी की, कंपनी नोंदवायला पत्ता हवा आणि कंपनीच्या नावाने भाडेकरार करायला कंपनी हवी. यावर उपाय म्हणजे करार आधी संचालकाच्या नावाने करायचा आणि नोंदणीनंतर भाडेकरूचे नाव कंपनीचे होईल असे कलम त्यातच लिहून घ्यायचे. घरमालकाची याला लेखी संमती नसेल तर ती जागा सोडून द्यावी, मग ती कितीही स्वस्त असो.

## ६. घटना, भांडवल, नोंदणी

कंपनीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. ‘काबुशिकी गाइशा’ ही आपल्या लिमिटेड कंपनीसारखी असते. तिची घटना नोटरीकडून प्रमाणित करावी लागते आणि ३ कोटी भांडवलाला नोटरीचे शुल्क ५०,००० येन पडते. ‘गोदो गाइशा’ला नोटरी लागत नाही. नोंदणी कर भांडवलाच्या ०.७ टक्के असल्याने दोन्हींना २ लाख १० हजार येन लागतात. घटना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात केल्यास कागदी प्रतीवरचा ४०,००० येनचा मुद्रांक वाचतो. एवढे भांडवल घालायचेच तर नोटरीचे शुल्क वाचवण्यासाठी दुसरा प्रकार निवडण्यात मला अर्थ दिसला नाही.

नोंदणीचे काम ‘शिहो-शोशी’ करतो आणि व्हिसाचा अर्ज ‘ग्योसेइ-शोशी’. हे दोन वेगळे परवानाधारक व्यावसायिक आहेत. ‘मी सगळेच करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटकडे यांपैकी कोणताच परवाना नसेल तर त्याला पैसे घेऊन हे अर्ज तयार करण्याचा अधिकार नाही.

घटनेतील उद्दिष्टे लिहिताना आपल्याकडच्या सवयीने ‘पुढे लागेल’ म्हणून पंधरा व्यवसाय लिहू नयेत. परदेशी गुंतवणुकीची सूचना जपानच्या मध्यवर्ती बँकेमार्फत द्यावी लागते. साधारण व्यवसायात ती गुंतवणुकीनंतर ४५ दिवसांत देता येते, पण संवेदनशील मानलेल्या क्षेत्रांत, आणि सॉफ्टवेअरशी संबंधित बरीच कामे त्यांत मोडतात, ती आधीच द्यावी लागू शकते. आमच्या मसुद्यात हौसेने घातलेली ‘सॉफ्टवेअर विकास’ ही ओळ शिहो-शोशींनी काढायला लावली.

भांडवल कुठे भरायचे? देशात वास्तव्य नसलेल्या माणसाला जपानी बँकेत खाते मिळत नाही आणि नव्या कंपनीचे खाते तर नोंदणीनंतरच उघडते. नागोयात कायम वास्तव्य असलेले माझे एक जुने स्नेही दुसरे संचालक झाले आणि आमच्या कंपनीच्या अधिकारपत्रावर त्यांच्या खात्यात रक्कम जमा झाली. असा विश्वासाचा माणूस नसेल तर ही वाट अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही ३ कोटी येन मोजून पाठवले आणि मधल्या बँकेचे शुल्क वजा होऊन खात्यात पोहोचले २,९९,९२,५०० येन. साडेसात हजार येनसाठी भांडवलाचा पुरावा अपुरा ठरला आणि उरलेली रक्कम पाठवायला पुन्हा नवे कागद आणि नवा आठवडा लागला. सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे ठेवण्याची सूचना बँकेला लेखी द्यावी आणि थोडी जास्त रक्कम पाठवावी.

नावाचाही घोळ होतो. काताकाना लिपीत ‘ळ’ नाही, ‘ज्ञ’ नाही. माझे आडनाव भाडेकरारात एका प्रकारे, घटनेत दुसऱ्या प्रकारे आणि सहीच्या प्रतिज्ञापत्राच्या भाषांतरात तिसऱ्याच प्रकारे उतरले होते. पहिल्या दिवशी एक लेखन ठरवावे आणि ते कागदावर लिहून प्रत्येक व्यावसायिकाच्या हाती द्यावे. ज्याच्याकडे नोंदलेला जपानी शिक्का नाही त्याला सहीचे प्रमाणपत्र लागते; आपल्याकडील नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र त्यासाठी चालते.

मोठ्या भांडवलाचे दोन परिणाम कोणी आधी सांगत नाही. भांडवल १ कोटी येन किंवा अधिक असेल तर उपभोग कर (आपल्या जीएसटीसारखा) पहिल्याच वर्षापासून लागू होतो. शिवाय कंपनीला तोटा झाला तरी भरावा लागणारा स्थानिक दरडोई कर वर्षाला ७०,००० ऐवजी साधारण १,८०,००० येन होतो. दोन्ही आकडे योजनेत धरलेले असावेत.

## ७. तो एक कर्मचारी

मोजला जाणारा पूर्णवेळ कर्मचारी जपानी नागरिक, कायम वास्तव्य असलेला परदेशी, त्यांचा जोडीदार किंवा दीर्घकालीन वास्तव्याचा दर्जा असलेला असावा लागतो. उपाहारगृह काढणारे इथे हमखास फसतात: भारतातून आणलेला आचारी ‘कौशल्य’ व्हिसावर असतो, त्यामुळे तो कितीही राबला तरी या मोजणीत येत नाही. मालकानेच दिवसभर तव्यापुढे उभे राहणेही या व्हिसात बसत नाही, कारण हा व्हिसा व्यवस्थापनासाठी आहे. उपाहारगृहाला आरोग्य केंद्राचा परवाना लागतो, तोही आधी हाती हवा.

भाषेच्या अटीत मात्र थोडी मोकळीक आहे. एन-२ असलेला कर्मचारी नोकरीच्या व्हिसावरचा असला तरी चालतो. आम्ही दोन्ही अटी एकाच जपानी कर्मचाऱ्यात बसवल्या. माझा निकाल लागेपर्यंत साडेचार महिने तिचा पगार आणि सामाजिक विमा सुरू होता. हे पैसे भांडवलातून खर्च करता येतात. भांडवल गोठवून ठेवायचे नसते.

## ८. अर्ज आणि कागदपत्रे

आपण भारतात असल्यामुळे अर्ज व्हिसाचा नसून ‘पात्रता प्रमाणपत्रा’चा असतो, सगळे त्याला सीओई म्हणतात. तो जपानमधील प्रादेशिक इमिग्रेशन कार्यालयात ग्योसेइ-शोशीमार्फत दाखल होतो.

- अर्ज, ४ × ३ सेंटिमीटरचे छायाचित्र, पासपोर्टची प्रत
- कंपनीचा नोंदणी उतारा, घटना, भांडवल भरल्याचा पुरावा
- तज्ज्ञाने तपासलेली योजना
- भाडेकरार आणि कार्यालयाची छायाचित्रे: पाटी, टपालपेटी, टेबल, संगणक
- कर्मचाऱ्याचा करार, वास्तव्याचा दाखला, वेतन नोंदी, भाषेचे प्रमाणपत्र
- अनुभवाचे किंवा पदवीचे पुरावे, पैशाच्या उगमाचे कागद
- करखाते, विमा आणि कामगार खात्याकडे दिलेल्या सूचनांच्या प्रती
- आवश्यक ते व्यवसाय परवाने

मध्येच अधिक माहिती मागणारे पत्र येऊ शकते. मला कार्यालयातील टेबलांची मांडणी दाखवणारा नकाशा मागितला होता. मुदतीत उत्तर द्यावे आणि मागितले तेवढेच द्यावे.

## ९. मंजुरीनंतर

सीओई तीन महिने वैध असते. त्या काळात इथून व्हिसा घेऊन जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. नारिता, हानेदा, चुबू किंवा कान्साई विमानतळावर उतरलात तर वास्तव्य कार्ड तिथेच हाती मिळते. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा. पहिला व्हिसा बहुधा एका वर्षाचाच असतो. वर्षातला बराचसा काळ जपानबाहेर काढल्यास, व्यवस्थापन कोण करते, असा प्रश्न नूतनीकरणाच्या वेळी उभा राहतो, म्हणून दर महिन्याला पुण्याला चक्कर मारण्याची सवय सोडावी लागेल.

भारतीय कंपनीमार्फत गुंतवणूक केली असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेला वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागतो. नियंत्रण आपल्याकडे असल्यास तो लेखापरीक्षित ताळेबंदावर आधारलेला हवा. जपानचा कायदा एवढ्या लहान कंपनीला लेखापरीक्षण सक्तीचे करत नाही, त्यामुळे तिथला करसल्लागार ते आपणहून सुचवणार नाही. २९ डिसेंबरपासून तिथली कार्यालये नववर्षासाठी बंद होतात. ताळेबंद नोव्हेंबरमध्येच मागून घ्यावा.